बाटली पडते तिथे दोष नसतो

ग्रंथपाल बाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते काउंटरच्या पलीकडे एक पुठ्ठा छातीशी धरून उभे होते. पुठ्ठा चपलांच्या खोक्याचा होता आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : ‘मला ऐकू येत नाही. समजतं. लिहून बोला, ओरडू नका.’ ‘समजतं’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या आणि दुसरी पहिलीपेक्षा जाड होती.

वाचनालयात लोक काउंटरशी येतात ते बहुधा जरा अजिजीनं. पुस्तक परत करायला उशीर झालेला असतो, नाहीतर पान फाटलेलं असतं. हा उंच, वाळका, खिशाला दोन पेनं आणि एक सहा इंची लोखंडी पट्टी लावलेला माणूस मात्र सगळ्या जगाविरुद्ध तक्रार नोंदवायला आल्यासारखा उभा होता.

“मला इंटरनेट हवंय. रोज दोन तास. माझा एक जुना गेम मधेच बंद पडतो, त्याचं कारण शोधायचंय.”

ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा हे कळत नाही. दालनातल्या वर्तमानपत्रांमागून सात-आठ डोकी वर आली. एका गृहस्थांनी भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवलं. यांनी वळून पाटी नीट वाचली, मान डोलावली आणि तितक्याच खणखणीत आवाजात म्हणाले, “बरोबर आहे. राखलीच पाहिजे.”

बाईंनी खालमानेनं हसू गिळलं आणि खिडकीजवळचं तीन नंबरचं यंत्र त्यांना दिलं.

पुढच्या आठवड्याभरात त्यांची ओळख झाली ती जुन्या सूचिपत्रांच्या पाठकोऱ्या कार्डांवर. बाई लिहायच्या, ते बोलायचे. एका शीतपेयांच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या विभागात ते एकतीस वर्षं फिटर होते. फिरत्या पट्ट्यावरून काचेच्या हजारो बाटल्या एकमेकींना आपटत जायच्या, त्या खणखणाटात त्यांचे कान हळूहळू गेले. “कान कारखान्याला देऊन आलो,” ते म्हणायचे. “कारखान्यानं निरोपाला घड्याळ दिलं. तेही वर्षभरात बंद पडलं.” वाचनालयात मग सगळे त्यांना फिटरकाका म्हणू लागले.

गेम होता बंदर चालवायचा. जहाजं येतात, त्यांना धक्का नेमून द्यायचा, क्रेननं माल उतरवायचा, गोदामात लावायचा. निवृत्त झाल्यावर मुलानंच ती सीडी आणून दिली होती. तेव्हापासून चौदा वर्षं काकांनी हेच एक बंदर चालवलं होतं. दोन धक्क्यांचे एकवीस धक्के केले होते. घरी ते एकटेच, पत्नी जाऊन आठ वर्षं झालेली. सकाळी कामावर गेल्यासारखे दहाला त्या बंदरावर जायचे आणि एकला जेवायला उठायचे. आणि दीड महिन्यापासून हे बंदर चालता चालता नाहीसं होत होतं. कधी पाच मिनिटांत, कधी तासाभरानं पडदा काळा व्हायचा, एक करडी चौकट यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

काकांनी त्याची वही ठेवली होती. बाईंनी आयुष्यात पुष्कळ वह्या पाहिल्या होत्या, अशी पाहिली नव्हती. प्रत्येक वेळी गेम बंद पडला त्याची तारीख, वेळ, पडद्यावर तेव्हा काय होतं, आणि आधीच्या खेपेपासून काय बदललं, असे आखलेले रकाने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा दंडक. बाईंना ते समजावून सांगायचे, बहुधा पलीकडच्या रस्त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं : “पट्ट्यावर बाटली आडवी पडते ना बाई, तिथे दोष कधीच नसतो. दोष चार हात मागे असतो. कुठेतरी एक कड घासलेली, एक खिळा सैल. नवशिके पडलेल्या बाटलीशीच खेळत बसतात.”

नवशिक्यांवर त्यांचा राग होता, पण उंटावरच्या शहाण्यांवर त्याहून मोठा. इंटरनेटवर जुन्या गेमच्या शौकिनांचा एक फोरम होता. तिथे काकांनी आपली अडचण मांडली होती आणि मिळालेले बारा सल्ले छापून घेतले होते. निम्म्या लोकांचं म्हणणं, सगळं पुसून टाका आणि नव्यानं सुरू करा. “पट्ट्यावर एक बाटली पडली म्हणून कुणी कारखाना पाडतं का? यांना विचारलं कुणी?” तरीही फिटरच्या इमानानं त्यांनी, बंदराची एक प्रत बाजूला काढून ठेवून, अकरा सल्ले एकेक करून पाहिले होते आणि समोर बारीक अक्षरात ‘फरक नाही’ असं लिहिलं होतं. बारावा मात्र असा खोडला होता की कागद फाटला होता. बाईंनी तो उजेडाकडे धरून वाचला. कुणीतरी विचारलं होतं : ‘बंद पडण्याआधी काय ऐकू येतं?’

बाईंनी कार्डावर लिहिलं, ‘याचं उत्तर दिलंत?’

“दिलं की. म्हटलं, माझ्या कानांशी तुम्हाला काय करायचंय, गेमचं बोला. बहिऱ्याला विचारतो काय ऐकू येतं! टवाळ मेला.”

‘त्याला कसं ठाऊक असेल तुम्हाला ऐकू येत नाही ते?’

“सगळ्यांना सगळं ठाऊक असतं,” काका म्हणाले आणि वही मिटली.

त्या रागाच्या मुळाशी काय होतं ते बाईंना पुढच्या सोमवारी कळलं, कारण त्या दिवशी काकांचा मुलगा आणि सून दोघंही वाचनालयात आले.

मुलगा पंचेचाळिशीचा, नीटनेटका, थकलेला. सून त्याच्या एक पाऊल पुढे. काका तीन नंबरच्या यंत्राशी पाठमोरे बसलेले होते, बाई शेजारी कार्डावर काही लिहून देत होत्या. दोघांनी त्यांच्या खांद्याला हात लावून हसून दाखवलं, बाजूच्या खुर्च्या ओढल्या आणि बोलायला सुरुवात केली ती बाईंशी. काका दोघांच्या ओठांकडे बघत राहिले.

म्हणणं असं होतं की बाईंनी बाबांना उगाच नादी लावू नये. बाबा पंच्याहत्तरीला आले. दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला, नशीब शेजारीण आली. आणि आता कॉम्प्युटरही जमेनासा झालाय. दुरुस्तीच्या दुकानात दोन दिवस ठेवला, तिथे तो गेम एकदाही बंद पडला नाही. दुकानदार फोनवर स्पष्ट म्हणाला की यंत्र ठणठणीत आहे, आजोबाच काहीतरी भलतं दाबत असणार. चौदा वर्षं खेळलेली गोष्ट जमेनाशी होते, याचा अर्थ काय ते उघड आहे. तेव्हा महिनाअखेर त्यांच्या दोन खोल्या बंद करून त्यांना आपल्या घरी न्यायचं ठरलं आहे.

सून वाईट नव्हती, हे बाईंना तेव्हाही दिसत होतं. बोलताना तिनं दोनदा सासऱ्यांच्या शर्टाची वर राहिलेली कॉलर खाली केली होती. पण बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ज्याचं घर बंद करायचं तो माणूस हातभर अंतरावर बसलेला, आणि त्याच्याविषयी असं चाललेलं, जणू कोपऱ्यातलं कपाट हलवायचं आहे. त्यांनी कार्ड पुढे ओढलं आणि जे ऐकलं ते तसंच्या तसं लिहायला घेतलं. ‘दुकानदार म्हणतो आजोबा भलतं दाबतात. चौदा वर्षांची गोष्ट जमेनाशी झाली. महिनाअखेर खोल्या बंद.’

मुलाचं लक्ष गेलं. “अहो, हे कशाला लिहिताय?”

“त्यांच्याबद्दल चाललंय म्हणून.”

“त्यांना त्रास होईल.”

“मग त्रास होईल असं बोलू नका,” बाई म्हणाल्या आणि कार्ड काकांपुढे सरकवलं.

काकांनी ते वाचलं. खिशातून पेन काढून ‘भलतं दाबतात’ या शब्दांखाली पट्टी लावून रेघ मारली. नंतर ते बोलले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू बोलले.

“दुकानदारानं मला नाही सांगितलं. तुला सांगितलं. तूही मला नाही सांगितलंस.”

मुलगा काहीतरी म्हणाला. काय ते त्याचं त्यालाच नीट ठाऊक नसावं. बाईंनी तेवढं लिहिलं नाही.

“दूध उतू गेलं ते खरं,” काका म्हणाले. “कान चांगले होते तेव्हाही जायचं, तुझ्या आईला विचारायला हवं होतंस. पण हा गेम माझ्या हातून बंद पडत नाही. हात माझा आहे, मला कळतं. महिनाअखेरीला बारा दिवस आहेत. दोष सापडला तर मी माझ्या घरी. नाही सापडला तर तू सांगशील तिथे.”

दोघं गेल्यावर बाईंना स्वतःचाच राग आला, आपण कार्ड लिहून सूड उगवला की न्याय केला तेच त्यांना कळेना. आणि दुसरा राग असा की काकांनी राहतं घर एका गेमवर लावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी स्वतःच दोर घेऊन उभा. त्यांनी तसं लिहूनही दाखवलं. काकांनी वाचून वहीचं नवं पान उघडलं.

बाईंनी मग नियमाला बगल दिली. आतल्या खोलीत सूचिपत्रांचं काम करायला एक म्हातारं यंत्र होतं, काकांच्या घरच्या यंत्राच्याच वयाचं. त्यावर त्यांनी काकांना सीडी घालू दिली. काकांनाही ते पटलं. हात तोच, सीडी तीच, यंत्र वेगळं. इथेही बंद पडला तर हात दोषी, मग त्यांना काही बोलायला जागा नव्हती.

मंगळवारी नाही पडला. बुधवारी नाही. दोन्ही दिवस काका दार लावून आत एकटेच बसले होते. काका मात्र खूश नव्हते. “दुकानातही नाही पडला. घरीच पडतो. घरात काय आहे? घरात मीच आहे.” त्या वाक्यात त्यांचा आवाज पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसासारखा वाटला.

गुरुवारी दुपारी बाई दार उघडं ठेवून त्याच खोलीत नव्या पुस्तकांना चिठ्ठ्या डकवत होत्या. काका बंदरावर होते. पडद्यावर धुकं उतरलं आणि त्यातून एक मोठं मालवाहू जहाज हळूहळू पुढे आलं. एकाएकी खोलीभर असा भोंगा घुमला की बाई दचकून उठल्याच. खळीचा ब्रश हातातून सुटला, खळ नव्या कोऱ्या शब्दकोशावर सांडली. दारातून वर्तमानपत्रवाले गृहस्थ डोकावले.

काकांनी ब्रश पडलेला पाहिला. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय झालं?”

बाईंनी पडद्याकडे बोट केलं आणि ओल्या हातानं लिहिलं, ‘जहाजाचा भोंगा. फार मोठा.’

“कोणतं जहाज?”

‘तुमचं. धुक्यातलं.’

काकांनी ते कार्ड पुन्हा एकदा वाचलं. चौदा वर्षांत त्यांच्या बंदरात हजारो जहाजं आली होती, आणि ती भोंगा वाजवतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घाईनं वही उघडली. ‘पडद्यावर काय होतं’ या रकान्यावरून ते बोट फिरवू लागले आणि एकेक नोंद वाचून विचारू लागले : क्रेनवर जादा वजन, तेव्हा काही वाजतं का? बाईंनी करून पाहिलं. घंटा वाजली. वादळाची सूचना? शिट्टी. लहान होडी आत येताना? काही नाही. उन्हातलं जहाज? काही नाही. वहीत एकेचाळीस नोंदी होत्या. एकेचाळीस वेळा एकतर धुकं होतं, नाहीतर जादा वजन, नाहीतर वादळ.

“म्हणजे वाजायच्या वेळीच पडतो,” काका म्हणाले. मग खिशातून तो बारा सल्ल्यांचा फाटका कागद काढला, बारावी ओळ उजेडाला धरली आणि स्वतःच्याच कपाळावर तळहात मारला. “टवाळ मी. त्यानं नेमकं विचारलं होतं.”

आता मागचे चार हात शोधायचे होते. दीड महिन्यापूर्वी घरात काय बदललं? काका सांगत होते, काही नाही, वहीत लिहिलंय. बाई शाळेतल्या हट्टी पोरीसारख्या पुन्हा पुन्हा तेच लिहीत होत्या : काहीतरी गेलं असेल. आलं असेल. कुणी आवरलं असेल.

“सूनबाईनं आवरलं होतं. चांगलं आवरलं. पेपरची रद्दी काढली, जळमटं काढली. टेबलावरचे दोन स्पीकर नेले. म्हणाली, तुम्हाला काय उपयोग, यांना घरून काम करताना मीटिंगला होतील. मीच वायर गुंडाळून दिली.” आणि बोलता बोलता त्यांनी वही पुढे ओढली.

बाईंनी लिहायला पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं.

“हे मी वहीत लिहिलं नाही,” काका म्हणाले. “माझ्या लेखी ते बदललंच नव्हतं. स्पीकर असले काय, नसले काय, मला सारखेच. गेमला सारखे नव्हते.”

त्या जुन्या गेमला वाजवायला जागा लागायची. स्पीकरची पिन काढली की यंत्र त्याला सांगायचं, इथे आवाजाची सोयच नाही. भोंग्याची वेळ आली की गेम गडबडायचा आणि कोसळायचा. दुकानात दुकानदाराचे स्पीकर कायमचे जोडलेले, वाचनालयातल्या यंत्राला पडद्यातच बसवलेले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली गत. आणि पखाल ठरली होती एक जिवंत माणूस.

बाईंचं म्हणणं, लगेच मुलाला फोन करू. काकांनी हात वर केला. “सापडला असं वाटणं वेगळं, सापडणं वेगळं. दोष मुद्दाम पाडता आला आणि मुद्दाम थांबवता आला, तरच तो सापडला.”

रविवारी वाचनालयाला सुट्टी होती. काकांच्या दोन खोल्यांत मुलगा आणि सून आले. सुनेच्या पिशवीत स्पीकर होते, कशाला मागवलेत ते तिला सांगितलं नव्हतं. बाई खिडकीपाशी कार्डांचा गठ्ठा घेऊन बसल्या. खोल्या लहान आणि लख्ख होत्या. काकांनी मुलाला आपल्या खुर्चीत बसवलं.

“मी हात लावणार नाही. तू चालव.”

मुलानं चालवलं. सराव नव्हता, दोन जहाजं त्यानं एकाच धक्क्यावर पाठवली. काका मागे हात बांधून उभे होते आणि जिभेवर आलेलं गिळत होते. वीस मिनिटांनी धुकं उतरलं, जहाज पुढे आलं, आणि पडदा काळा झाला. करडी चौकट.

“काय दाबलंस?” काकांनी विचारलं.

“काहीच नाही. मी काहीच दाबलं नाही, बाबा.”

“मीही तेच म्हणत होतो.”

मुलाचा चेहरा उतरला. काकांनी सुनेच्या पिशवीतून स्पीकर काढून जोडले आणि त्याला पुन्हा खेळायला लावलं. या वेळी धुकं उतरलं तेव्हा भोंगा वाजला, तिघं दचकली, चौथा नाही. जहाज धक्क्याला लागलं. काकांनी मग मुलाच्या डोळ्यांदेखत पिन उपसली. पुढच्या धुक्यात गेम कोसळला. पिन खोचली. चालला. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळेला सून म्हणाली, “पुरे बाबा,” आणि तिच्या लक्षात आलं की त्यांना ते ऐकू गेलेलं नाही. तिनं बाईंकडून कार्ड मागून घेतलं. खूप वेळ लिहीत होती, पण झालं एवढंच : ‘मी नेले होते. मला सुचलंच नाही. तुम्ही तेव्हा नको म्हणायचं होतंत.’

“मला तरी कुठे सुचलं,” काका म्हणाले. “त्याचा राग नाही. दुकानदाराच्या एका शब्दावर तुम्ही दोघांनी माझं डोकं मोडीत काढलं, त्याचा आहे. तो इतक्यात जाणार नाही. राहू दे थोडे दिवस.”

मुलानं कार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘बेलचं काय करायचं?’ मुलानं काकांबद्दल न बोलता काकांशी बोलायची ती बऱ्याच महिन्यांतली पहिली वेळ होती. काकांनी वही उघडली आणि दोघं दिव्याच्या जोडणीचं चित्र काढू लागले. बेल दाबली की स्वयंपाकघरात एक आणि पलंगाजवळ एक दिवा पेटेल असं. गॅस विझला की नळी आपोआप बंद करणारी शेगडी सून आणेल असं ठरलं, आणि ती कोणती आणायची यावर सासरा-सुनेचा कार्डांवर बराच वेळ वाद झाला.

सोमवारी काका वाचनालयात आले ते फोरमवर दोन मजकूर लिहायला. पहिला सगळ्यांसाठी होता : दोष कसा सापडला, एकेचाळीस नोंदींसकट. दुसरा त्या बारावा सल्ला देणाऱ्याला. तो त्यांनी चार वेळा खोडून लिहिला आणि शेवटी बाईंना वाचून दाखवला, अर्थात सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा : ‘तुम्ही बरोबर विचारलंत. मी उद्धटपणे बोललो. मला ऐकू येत नाही, म्हणून तुमचा प्रश्न मला लागला. तो गेमला होता.’ वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी या वेळी पाटीकडे बोट दाखवलं नाही.

दुकानदाराकडेही काका गेले होते. पुठ्ठा घेऊन, वही घेऊन. त्यानं वही चाळली आणि मान हलवून फोन उचलला, मुलाला लावायला. काकांनी त्याच्या हातातला फोन खाली ठेवला. पुढे काय बोलले ते बाईंना त्यांनी सांगितलं नाही, पण त्या गल्लीतल्या पुष्कळांनी ऐकलं म्हणतात.

आता ते शहात्तर वर्षांचे आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच दोन खोल्यांत एकटे राहतात.